मांजरपाटाचे पडदे

मैनाच्या घराला पाच खिडक्या होत्या. त्यांतल्या चार नुसत्या खिडक्या होत्या. पाचवी रस्त्याकडची होती, आणि सगळी भानगड त्या पाचवीची होती.

घर अलिबाग-रेवदंडा रस्त्याला लागून, चौल यायच्या थोडं अलीकडे. मैनाच्या नवऱ्याने ट्रकच्या धंद्यात बरकत होती तेव्हा ते हौसेने बांधलं, ग्रॅनाइटचा ओटा काय, सरकत्या काचांच्या खिडक्या काय, काही कमी ठेवलं नाही. तो जाऊन बारा वर्षं झाली. एकुलती मुलगी अमिषा दुबईला. घरात मैना एकटी, वय चौसष्ट, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. खिडक्यांना पडदे कधी लागलेच नव्हते, कारण आजूबाजूला पोफळींची वाडी होती आणि सावलीच पडद्याचं काम करायची. मोठं वादळ झालं त्या साली पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. नंतर लावलेली रोपं आता माणसापेक्षा उंच झाली होती, पण सावली द्यायची अक्कल त्यांना अजून आली नव्हती. तेव्हा ऊन आत येतं म्हणून पडदे करायचे, असं मैना सगळ्यांना सांगत होती. ते खोटं नव्हतं. पण ऊन काय, पाच वर्षं येतच होतं.

खरं कारण दिनानाथ. दिनानाथ म्हणजे तिचा पाठचा भाऊ. राहायला चौलला आणि पत्र्यांचं दुकान नागावला, त्यामुळे रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला त्याची मोटरसायकल मैनाच्या घरावरून जायची. नऊ वर्षांत त्याने या घराकडे एकदाही मान वळवली नव्हती, आणि त्या वेळेला मैना खिडकीत नाही असंही सहसा झालं नव्हतं. मोटरसायकलचा आवाज लांबून ओळखू यायचा. मग हातातलं पीठ तसंच ठेवून ती खिडकीत यायची, गजांना धरून उभी राहायची, आणि तो ताठ मानेने निघून जायचा. मग उरलेला दिवस तिला खायला उठायचा.

यात चूक तिचीच होती, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात त्यांची आई गेली. मैना तेव्हा अमिषाच्या बाळंतपणाला दुबईत. विमानाचं तिकीट मिळेपर्यंत दोन दिवस गेले असते, आणि त्या उकाड्यात मयत ठेवणार कसं? दिनानाथने संध्याकाळीच उरकून घेतलं. अमिषाची सुटका झाल्यावर मैना दहाव्याला पोचली, आणि साऱ्या भाऊबंदांसमोर त्याला म्हणाली, "आयेला जाळायची येवढी काय घाई झाली होती रे तुला? तोंड बगू दिलं न्हायस मला. आता मी मेली तरी माज्या दारात पाय ठेवू नको." तो खाली मान घालून ऐकत राहिला. पुढे चार लोकांनी मध्यस्थी केली, पण तो म्हणाला, मोठ्या बायने सांगितलंय, मी ऐकतोय. बोलून गेलेला शब्द गिळता येत नाही आणि माफी मागायची म्हटली तर मैनाची जीभ जड. अशी नऊ वर्षं गेली.

यंदा फाल्गुनात मात्र ती थकली. उद्यापासून खिडकीत उभं राहायचं नाही, असं ती रोज ठरवायची आणि रोज साडेआठला तिचे पाय तिला खिडकीत नेऊन उभं करायचे. पाय ऐकत नाहीत तर खिडकीच झाकून टाकू, असं तिच्या मनाने घेतलं. एकदा दिसायचं बंद झालं म्हणजे वाट बघायचीही बंद होईल.

अमिषाने पडद्यांचं ऐकलं मात्र, तिच्या फोनवरून चित्रांचा पाऊस सुरू झाला. "आई, फार्महाऊस स्टाइल कर. हल्ली सगळे तेच करतात." मैनाला हसू आलं. तिच्या गावात फार्महाऊस म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. शेती करणाऱ्याचं असतं ते घर, आणि शेती न करणाऱ्याचं असतं ते फार्महाऊस. चित्रात सायीच्या रंगाचे जाडसर सुती पडदे होते, बांबूच्या दांडीला कापडाच्याच पट्ट्यांनी अडकवलेले आणि मधोमध सुतळीने बांधलेले. खिडकीच्या फळीवर एक मातीचं मडकं आणि त्यात वाळक्या गवताच्या काड्या.

"अगो, हे तर आपलं खळं दिसतंय," मैना म्हणाली.

"तेच तर आवडतं लोकांना," अमिषा म्हणाली आणि मुलांना शाळेत सोडायचं म्हणून तिने फोन ठेवला.

मैना संध्याकाळभर चित्रं बघत बसली. एकात खाली झालर होती, ती परकरासारखी वाटली. एकात निळ्या चौकटी होत्या, तो तिला मेलेल्या नवऱ्याच्या लुंगीचा कपडा वाटला आणि तिने ते चित्र पटकन पुढे सरकवलं. एकात नुसता अर्धा पडदा होता, खिडकीच्या खालच्या भागापुरता. तो तिने चादरीची घडी करून लावून बघितला. पण मैनाची उंची अशी की तिचे डोळे नेमके त्या अर्ध्या पडद्याच्या वरून रस्त्यावर जात होते. म्हणजे तो लावून काही उपयोग नव्हता. पडदा हवा तर पुरता हवा.

पडदा निवडणं हे दोन माणसांचं काम आहे, हे तिला तेव्हा कळलं. एकाने धरायचं आणि दुसऱ्याने लांबून बघून सांगायचं, थोडा वर घे, आता सोड, हां, छान दिसतोय. मैनाने चादर कपड्यांच्या चिमट्यांनी गजाला लावली, मग दार उघडून बाहेर गेली, रस्त्याच्या कडेला उभी राहून बघितलं, परत आत आली, चिमटे हलवले, परत बाहेर गेली. तिसऱ्या खेपेला एक चिमटा निसटला आणि चादर अर्धी लोंबायला लागली. रस्त्यावर उभी राहून ती आपल्याच घराकडे बघत होती आणि आतून चादर सावरायला कोणी नव्हतं. तिला एकदम रडू आलं. शेजारच्या रंगूने बघितलं तर उगीच विचारील म्हणून तिने डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं केलं.

शेवटी सगळ्यात साधं चित्र पक्कं झालं. अलिबागची विनिता शिंपीण मुंबईवाल्यांच्या बंगल्यांचे पडदे शिवायची. ती फोनवर म्हणाली, "मावशी, त्या महागड्या कापडाच्या नादी लागू नका. सोळा मीटर मांजरपाट घ्या. दोन पाण्यांतून काढलं की अगदी तसंच दिसतं. पैसेवाल्या बायकांना पण मी तेच लावून देते. मंगळवारी मापं घेऊन या."

सोमवारी संध्याकाळी मैनाने रेवदंड्याच्या भागोजीशेटच्या दुकानात फोन लावला. कापड, दोरखंड, पूजेचं सामान, मागे अंगणात कळकाचे बांबू, असं सगळं एका छपराखाली मिळणारं ते दुकान. फोन शेटच्या बायकोने घेतला. मैनाने सांगितलं आणि तिने लिहून घेतलं. मांजरपाट सोळा मीटर, कळक चार, सुतळीचा गुंडा एक, मडकं एक. सकाळी सदाच्या मिनीडोर टेम्पोतून घरी पाठवा. नाव मैना पाटील.

मंगळवारी आठच्या एसटीने मैना अलिबागला गेली. फोन चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. रस्त्याकडची खिडकी तिने मुद्दाम बंद करून घेतली. पहिलाच दिवस होता न बघण्याचा, आणि एसटीत बसल्यावर साडेआठ वाजेपर्यंत ती दर पाच मिनिटांनी शेजारच्या बाईला किती वाजले ते विचारत होती.

तिच्या पाठीमागे काय घडलं ते नंतर सगळ्या गावाने आपापल्या परीने तिला ऐकवलं. ते आधीच सांगितलेलं बरं.

भागोजीशेटच्या दुकानाची एक रीत होती. मयताचं सामान न्यायला येणाऱ्या माणसाला धड बोलवत नसतं, तेव्हा चिठ्ठीवर फक्त गेलेल्याचं नाव लिहायचं आणि खाली सामान. त्यावरून कळायचं कोणाकडचं ते, आणि जास्त चौकशी करायची नाही. शेटची बायको सकाळीच तळा गावी माहेरच्या लग्नाला निघून गेली होती. शेटने गल्ल्यावरची चिठ्ठी उचलली. वर नाव मैना पाटील. खाली मांजरपाट, कळक, सुतळी, मडकं. बिचारा मटकन खाली बसला. सोळा मीटर जरा जास्तच वाटलं त्याला, पण हल्ली लोक मयतालाही मांडव घालतात. त्याने आपल्या पदरचं अबीर, गुलाल आणि उदबत्तीचे दोन पुडे त्यात घातले आणि सदाला म्हणाला, "चौलच्या दिनानाथची बहीण गेली. नीट ने."

सदा सामान घेऊन आला तर दाराला कुलूप. रंगू धावत आली. मैनाच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. आत फोन वाजत होता आणि उचलायला कोणी नव्हतं. (दुबईहून अमिषाचा होता तो, मापं नीट घेतलीस का हे विचारायला.) मैना सकाळी अलिबागच्या एसटीला उभी होती हे रंगूने बघितलं होतं. चेहरा उतरलेला होता, हेही तिला आता आठवलं. म्हणजे बरं नव्हतं, म्हणून एकटी दवाखान्यात गेली आणि तिथेच आटोपलं. भागोजीशेटला कोणी कळवलं? सदा म्हणाला, घरच्यांनीच कळवलं असेल. घरचे म्हणजे कोण, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. ज्याने त्याने समजून घेतलं की दुसऱ्या कोणीतरी खात्री केलेली आहे. रंगूने दिनानाथला फोन केला आणि मग ती मोठ्याने रडायला लागली.

मैना साडेअकराला परत आली. विनिताने मापं बघून, नमुन्याचा पडदा दाखवून, वर चहा पाजून पाठवली होती, त्यामुळे ती जरा खुशीत होती. ऊन चढलं होतं म्हणून ती थांब्यावरून रस्त्याने न येता वाडीतल्या पायवाटेने मागच्या अंगाने आली. तिला आधी रडणं ऐकू आलं. रंगूचा म्हातारा गेला वाटतं, असं वाटून तिने पावलं उचलली. मग तिला आपल्या पडवीपुढे चपलांचा ढीग दिसला. कळक भिंतीला टेकवलेले होते. अंगणात धर्माजी, आळीतला जाणता म्हातारा, एक कळक आडवा घालून कोयत्याने त्याचे तुकडे करत होता.

"माज्या दांड्या!" तिच्या तोंडात आलं होतं. आडवा, उभा, मध्ये सुतळी. तिरडी कशी बांधतात हे तिने आयुष्यात पुष्कळ वेळा बघितलं होतं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही. ती हाक मारणार, एवढ्यात तिला बैठकीच्या बाजूच्या खिडकीतून आतलं दिसलं, आणि तिचे पाय पोफळीच्या रोपांमध्येच थांबले.

आत दिनानाथ बसला होता.

तिच्या घरात, तिच्या लाद्यांवर, भिंतीला पाठ लावून. केस किती पांढरे झाले होते त्याचे! हेल्मेटखाली नऊ वर्षांत दिसलेच नव्हते. शेजारी एक पिशवी होती आणि त्याचा हात त्या पिशवीवर होता. घर माणसांनी भरलं होतं. आळीतल्या बायका, ट्रकवाल्यांच्या बायका, नवऱ्याचे जुने दोस्त, ज्यांनी रस्त्यात भेटल्यावर 'काय मैनाबाय, बरी ना?' यापलीकडे कधी विचारलं नाही ते सगळे, दाटीवाटीने. कोणी तिच्या हातच्या सुकटीच्या चटणीची आठवण काढत होतं. तिला वाटलं, मेल्यांनो, चार दिवस आधी आला असता तर वाटून घातली असती.

"बिन आजाराची गेली रे," रंगू दिनानाथला सांगत होती. "कोणाला तरास न्हाय दिला."

"मला दिला," दिनानाथ म्हणाला. "रोज बगायचो मी तिला."

"तू? तू तर मान पन वळवीत नव्हतास."

"मान न्हाय वळवली. आरशात बगायचो. गाडीच्या आरशात. घर मागं पडलं की दिसायची, खिडकीत उभी. दिसली की बरी हाय म्हनायचो नि पुढं जायचो. आज खिडकी बंद होती." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मनात आलं, थांबावं. नुसतं दार वाजवावं. मग म्हटलं, तिनं नको सांगितलंय. दुकान उघडायला गेलो मी, रंगूबाय. दुकान!"

आणि तो रडायला लागला. म्हातारा होत आलेला माणूस, पण लहानपणी आंब्यावरून पडला होता तेव्हासारखा नाकाने आवाज करत रडत होता. "बाय," तो म्हणत होता, "बाय गो."

मैनाने तोंडात पदर कोंबला. आत जायला पाहिजे होतं. जिवंत माणसाने आपल्या रडणाऱ्या भावाला तसं बसू द्यावं हे पाप होतं, हे तिला कळत होतं. पण तिला दुसरंही कळत होतं. ती मेलेली होती तोवर तो तिच्या घरात होता. ती दारात उभी राहिली की तो उठणार. नऊ वर्षं जिच्यासाठी रोज उभी राहिली ती गोष्ट समोर चार हातांवर बसलेली होती, आणि ती राहायला हवी असेल तर मैनाने बाहेर उन्हात उभं राहायचं होतं. ती उभी राहिली. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. आयुष्यात इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं, नवरा गेला त्या रात्रीसुद्धा नाही. आत भरलेलं घर होतं, ते तिचंच होतं, आणि तिला आत जाता येत नव्हतं.

धर्माजीने कोयता खाली ठेवला. "दिना, बारा वाजत आयले. मयताची गाडी कुठं पोचली बग. दवाखान्यात फोन लाव तरी."

दिनानाथने डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. आता मात्र थांबण्यात अर्थ नव्हता. मैना पुढच्या अंगाला आली, चपलांच्या ढिगाजवळ तिने आपल्याही चपला काढल्या, आणि दारात उभी राहून म्हणाली, "फोन नको करू. मी आयलीय."

पुढचा गोंधळ काय सांगावा. दोघीतिघी बायका किंचाळल्या. रंगूने आधी तिच्या पाठीत दणका घातला आणि मग तिला मिठी मारली. "मेले, कुठं उलथली होतीस?" "पडदे शिवायला." "आनि हे मांजरपाट?" "पडद्यांचं." "मडकं?" "खिडकीत ठेवायचं. गवत घालून." धर्माजी हातातल्या कळकाच्या तुकड्याकडे बघत राहिला, आणि मग कोणीतरी पहिलं हसलं. हसणं घरभर पसरलं. लोकांनी तिच्यासमोर तिची थट्टा केली, भागोजीशेटचा उद्धार केला, शंभर वर्षं आयुष्य वाढलं म्हणून सांगितलं. कोणीतरी चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहाचं आधण ठेवायला गेलं.

दिनानाथ हसला नाही. तो भिंतीला धरून उठला होता आणि तिच्याकडे बघत होता. नऊ वर्षांनी समोरून. मैनाला त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, अगदी उघडा, आणि मग आपण काय काय बोललो हे त्याला आठवताना दिसलं, आणि मग तो चेहरा मिटला.

"दिना," ती म्हणाली. माफीचे शब्द तिने नऊ वर्षं घोकले होते. भर माणसांत त्यांतला एकही वर आला नाही. "चा घे."

"मयताला आलो होतो मी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तू नको म्हनाली होतीस. तरी आलो." आणि चपलांच्या ढिगातून स्वतःच्या शोधून तो निघून गेला. मोटरसायकल नागावच्या दिशेला गेली. मैनाने आवाज जाईपर्यंत ऐकला.

चहा पिऊन लोक उठले. दीडच्या सुमाराला रंगू तेवढी उरली, घर झाडायला. झाडता झाडता तिला भिंतीपाशी ती पिशवी मिळाली. आत साडी होती, दुकानाचा कागद न काढलेली, जांभळ्या रंगाची, बारीक काठांची. माहेरचं शेवटचं लुगडं भावाने घालायचं असतं, ते. तिला जांभळा रंग आवडायचा हे त्याच्या लक्षात होतं, की दुकानदाराने घाईत हाताला लागेल ती बांधून दिली, हे कळायला मार्ग नव्हता.

"ही खाडीत सोड," रंगू हात न लावता म्हणाली. "मयताची हाय. नि ते कापड पन देऊन टाक कोनाला. त्याचे पडदे लावलेस तर तुज्या घरात पानी प्यायला कोन येनार न्हाय."

"आता तरी कोन येतंय?" मैना म्हणाली.

रंगूला वाईट वाटलं. केरसुणी ठेवून ती गेली. मैनाने मांजरपाट बादलीत भिजत घातलं, मग साडी मांडीवर घेऊन बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आंघोळ केली आणि ती साडी नेसली. रंगूने बघितलं असतं तर बोंब मारली असती. मैनाला भीती वाटत नव्हती असं नाही. पण नऊ वर्षांनी भावाकडून आलेलं वस्त्र होतं, ते खाडीत कसं सोडणार? ती खिडकी उघडून उभी राहिली. साडेआठ वाजले. पावणेनऊ झाले. गावाच्या मागून आतला एक रस्ता होता, नागावला निघणारा. काल चारचौघांत मन उघडं पडलं होतं त्याचं, आज तो त्या रस्त्याने गेला असेल. पुरुषाच्या जातीला लाज फार, असं ती मनाशी म्हणाली, आणि मग आठवलं की लाजेपायी नऊ वर्षं तिनेही घालवली होती. नऊ वाजले. तिचे गुडघे भरून आले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आवाज आला.

मोटरसायकल नेहमीपेक्षा हळू होती. मान ताठच. घरावरून ती पुढे गेली, शंभरेक पावलांवर डगमगली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. दिनानाथ गाडीवर तसाच बसून राहिला, पाठ इकडे करून. मग त्याने गाडी वळवली. फाटकापाशी आला. फाटक उघडलं नाही त्याने. तिथूनच ओरडला.

"काढ ती!"

मैनाने पदर खांद्यावर सारखा केला.

"येडी हायेस काय? जित्या मानसानं नेसायची न्हाय ती! काढ आत्ताच्या आत्ता!"

नऊ वर्षांनी तो तिच्याशी स्वतःहून बोलला होता, आणि ते शिव्या घालायला. मैनाला फार बरं वाटलं. "का काढू?" ती म्हणाली. "तू आनलीस ना?"

"तुज्यासाठी न्हाय आनली."

"मग कोनासाठी?"

समोरून एक ट्रक गेला, धुरळा उडाला, तो खाली बसेपर्यंत दोघं थांबली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बाय, काढ गो. माज्या हातची हाय ती. तुला काय झालं तर मला झोप लागायची न्हाय."

"दिना, मी तेवा बोलली ते..." ती सुरू झाली. तेवढंच आलं. पुढचं आलं नाही, आणि ती बोटाने गजावरची धूळ पुसत राहिली. तो थांबला. वाट बघितली त्याने, हे तिला दिसलं. मग त्याने मान हलवली, ठीक आहे म्हणून की पुरे म्हणून, ते मात्र कळलं नाही.

"काढते," ती शेवटी म्हणाली. "पन मग दुसरी आन."

दिनानाथने किक मारली. गाडी सुरू झाली नाही. दुसऱ्यांदा मारली. आणि तिच्याकडे न बघता, वैतागल्यासारखा म्हणाला, "भाऊबीज लांब हाय अजून."

गाडी सुरू झाली आणि तो गेला.

मैना खिडकीतच उभी होती. आत मांजरपाट दोरीवर वाळत होतं आणि घरात कोणीही नव्हतं. तिने बोटांवर मोजलं. चैत्र, वैशाख, जेठ, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन, आणि मग कार्तिक. आठ महिने. तिने घाईघाईने ती साडी सोडायला घेतली. आता तोवर मरायची सोय नव्हती.